एका पानाचा अर्ज

एका जंगलात, मुलांनो, झाडांची संख्या दरवर्षी थोडी कमी होत होती आणि झाडं वाचवणाऱ्या मंडळांची थोडी वाढत होती. त्या जंगलाच्या पश्चिमेला, एका कोवळ्या सागाशेजारच्या बिळात, टोकेश नावाचं साळिंदर आपल्या आईबरोबर राहत असे.

टोकेश शिकलेला होता. त्याने जनसंपर्क या विषयात पदवी घेतली होती. कुणाशी कसं बोलावं हे त्याला चार पद्धतींनी माहीत होतं. फक्त बोलायला कोणी नव्हतं, कारण साळिंदराच्या फार जवळ कोणी बसत नाही.

एक दिवस वडाच्या बुंध्यावर जाहिरात लागली. हरितरक्षा मंडळाला संपर्क विभागात इंटर्न हवा होता. इंटर्न म्हणजे काय, असं तुम्ही विचाराल. जो पगाराशिवाय काम करतो आणि वर आभारही मानतो, तो इंटर्न. अटी दोनच होत्या. निसर्गाविषयी तळमळ हवी आणि लिहिता यायला हवं. अर्ज पाच दिवसांत, एका पानात.

आई म्हणाली, त्यापेक्षा माझ्याबरोबर कंद उकरायला चल, पावसाने जमीन मऊ आहे. टोकेशने तिला समजावलं की आता प्रश्न कंदांचा नसून आशयाचा आहे. आई एकटीच गेली.

लेखण्या टोकेशच्या पाठीवरच होत्या. शाईचीही गरज नव्हती, कारण सागाच्या कोवळ्या पानावर ओरखडा काढला की लाल अक्षर उमटतं. त्याने दारातल्या सागाचं एक पान तोडलं आणि लिहिलं, 'मला लहानपणापासून निसर्गाची आवड आहे.'

मग त्याच्या लक्षात आलं की या जंगलात सगळेच लहानपणापासून निसर्गात राहतात. त्याने ते पान टाकलं आणि दुसरं तोडलं.

'आपण निसर्गासाठी काय केलं?' असा एक प्रश्न जाहिरातीत होता. टोकेशने एक सबंध दुपार आठवलं. गेल्या वर्षी पोट भरल्यामुळे त्याने एक कंद अर्धा सोडून दिला होता. 'कंदसंवर्धनाचा प्रत्यक्ष अनुभव,' असं त्याने लिहिलं. अक्षर वाकडं आलं म्हणून ते पानही गेलं.

हसू नका. गोष्ट सांगणाऱ्यानेही तरुणपणी असाच अर्ज केला होता आणि त्यात 'तळमळ' हा शब्द सहा वेळा होता.

टोकेशने तो नऊ वेळा घातला, मग सात वेळा, मग काढून 'आच' घातला. आच शब्दाला भाजल्यासारखा वास येतो असं वाटून पुन्हा तळमळीवर आला. चौथ्या दिवशी एकेचाळिसाव्या पानावर त्याला मनाजोगतं वाक्य सुचलं, 'झाडाचं प्रत्येक पान माझ्या श्वासाशी जोडलेलं आहे.' ते वाचून त्याला स्वतःलाच भरून आलं. आता फक्त स्वच्छ प्रत काढायची होती. त्याने मागच्या पायांवर उभं राहून वर पंजा घातला, पण पान निघेना. त्याने ओढलं, तर कसलासा दोरा तट्‌कन तुटला.

आतून तीन चोची उघडल्या.

सागावर आता दोनच पानं उरली होती आणि ती एकमेकांना शिवलेली होती. ते टाकेबाईचं घर होतं. टाकेबाई ही शिंपीण, पानं शिवून घरटं करणारी अंगठ्याएवढी पक्षीण. ती वरच्या उघड्या फांदीवरच बसली होती. ओरडली नाही. चार दिवस ती हे बघत होती आणि कुणाच्या तरी लग्नाच्या पत्रावळी चालल्या असतील असं समजत होती.

"किती पानांचा अर्ज मागितलाय रे?" तिने विचारलं.

"एका," टोकेश म्हणाला.

टोकेशने पान सोडलं, सतरा वेळा माफी मागितली आणि एकेचाळिसावं पानच, खाडाखोडीसकट, मंडळात नेऊन दिलं.

दुसऱ्या दिवशी बोलावणं आलं. संपर्क विभाग भारद्वाज मॅडमकडे होता. तांबड्या डोळ्यांची ही पक्षीण हळू बोले आणि मोठं लिहून घेई. श्वासाचं वाक्य तिला फार आवडलं होतं. टोकेशचे पंजे लालभडक कशाने झाले, असं तिने विचारलं. टोकेश म्हणाला, कामाने. तिने वहीत लिहिलं, 'मातीशी घट्ट नातं.'

मग तिने परीक्षेचं काम सांगितलं. पश्चिमेला एक कोवळा साग चार दिवसांत ओकाबोका झाल्याची बातमी होती. कुणी म्हणे कीड आहे, कुणी म्हणे हवामान बदललं. कारण महत्त्वाचं नव्हतं. वाचणाऱ्याच्या काळजाला हात घालेल असं आवाहन उद्या सकाळपर्यंत हवं होतं.

टोकेश घरी आला तेव्हा भाद्रपदातलं ऊन डोक्यावर होतं. टाकेबाई फाटक्या घरट्यावर पंख पसरून बसली होती. पंख उचलून किडे आणायला जावं तर पिल्लांवर ऊन पडे, न जावं तर पिल्लं उपाशी. पलीकडच्या बाभळीवर एक कावळा येऊन बसला होता आणि त्याला कसलीच घाई नव्हती.

टोकेश प्रथम आवाहन लिहायला बसला. 'कुणाची ही निर्दय नजर लागली?' इतकं लिहून झाल्यावर त्याला आपले पंजे दिसले. तो उठला, घरट्यापाशी गेला आणि काटे फुलवून, पिल्लांवर सावली धरत, कावळ्याच्या बाजूला पाठ करून उभा राहिला.

"टाकेकाकू, तुम्ही जाऊन या. मी उभा आहे," तो म्हणाला.

ती गेली, आली, पुन्हा गेली. तिसऱ्या खेपेला ती म्हणाली, "असा किती दिवस उभा राहशील? ती टाकलेली पानं कुठे आहेत?"

टोकेशने बिळातून चाळीस अर्ज आणले. काही वाळून कडक झाले होते, काही अजून ओले होते. काट्याने भोकं तो पाडी आणि कोळ्याच्या जाळ्याचा दोरा टाकेबाई ओवी. संध्याकाळपर्यंत पिल्लांवर दुपदरी छप्पर झालं. टाकेबाईला वाचता येत नव्हतं, म्हणून ती कुठल्याच वाक्यावर अडली नाही. कावळा कंटाळून उडून गेला.

उजाडल्यावर आवाहन द्यायचं होतं. टोकेशकडे सुचलेलं असं काही उरलं नव्हतं. त्याने झालं ते लिहिलं. या सागाची पानं मी तोडली. कीड लागली नव्हती, मला नोकरी हवी होती. झाडावर एक घर होतं, ते मी पाहिलं नाही, कारण मी झाडाविषयी लिहिण्यात गुंतलो होतो. मला काय शिक्षा करायची ती करा.

ते घेऊन तो मंडळाकडे निघाला. वाटेत त्याने ठरवलं, हाकलून दिलं तर आईबरोबर कंद उकरायचे आणि कुणापुढे शिकल्याचा विषय काढायचा नाही.

भारद्वाज मॅडमने वाचलं. पुन्हा वाचलं. तिच्या तांबड्या डोळ्यांत पाणी आलं.

"काय प्रथमपुरुषी शैली आहे तुमची. अपराध जणू प्रत्येक वाचकाचाच," ती म्हणाली.

टोकेशने सांगितलं, "मॅडम, ही शैली नाही. हे खरंच मी केलंय."

"वा," मॅडम म्हणाली, "हे वाक्य शेवटी घाला."

टोकेशने पंजे दाखवले. ती म्हणाली, छायाचित्राची कल्पनाही चांगली आहे. त्याने टाकेबाईचं नाव सांगितलं. ती म्हणाली, पात्राला नाव दिल्याने जवळीक वाढते. अखेर तो गप्प झाला, आणि ती शांतताही मॅडमना परिणामकारक वाटली. त्याची निवड झाली.

आवाहनाच्या दोनशे प्रती काढायचं ठरलं. त्यासाठी ओढ्याकाठचे पाच साग पक्के झाले, आणि त्यांची पानं गोळा करणं हे नव्या इंटर्नचं पहिलं काम होतं.

टोकेश ओढ्यापर्यंत गेला. पहिल्या सागाखाली बराच वेळ उभा राहिला. मग परत आला आणि खाली पडलेल्या एका वाळक्या पानावर त्याने दोन ओळींचा राजीनामा लिहिला. झाडं वाचवण्यासाठी झाडं ओरबाडणं मला जमणार नाही, एवढंच त्यात होतं. तो मॅडमच्या टेबलावर ठेवून टोकेश आईच्या मागे कंद उकरायला गेला.

मॅडमना राजीनामा आवाहनाहूनही आवडला. त्याच्या पाचशे प्रती निघाल्या.

तात्पर्य: मुलांनो, आपली चूक कबूल करायला कधीही घाबरू नये. भाषा बरी असली की कोणी विश्वास ठेवत नाही.