पर्समधला लायटर

आमच्या समोरच्या सुमनकाकू घराबाहेर पडताना गॅसचा लायटर पर्समध्ये घालून नेतात. सोबत देवघरातली काडेपेटीही. एका बारशाला झबलं काढायला म्हणून त्यांनी पर्स उघडली, तर आधी लायटरच पाळण्यात पडला. बायका हसून हसून बेजार. काकूंनी तो शांतपणे उचलला आणि मला विचारलं, "वास येतोय का गं?"

हा त्यांचा नेहमीचा प्रश्न. भाजीवाल्यापाशी, दवाखान्यात, मंगल कार्यालयात जिलबीच्या ताटासमोरसुद्धा. सांगवीतल्या घरच्या गॅसचा वास त्यांना चिंचवडात येतो. "बटण बंद केलं व्हतं ना मी?" म्हणत त्या अर्ध्या वाटेतून परत फिरतात आणि मलाही फिरवतात. त्यांच्या नादाने हल्ली मीही झोपण्याआधी रेग्युलेटर पुन्हा पुन्हा चाचपते.

काका मात्र मजेत. चाकणच्या एका कंपनीत त्यांची सगळी नोकरी भट्टीसमोर गेली. जिन्यात कोणी भेटलं की सुरू, "आमच्या हिला आगीचं लई भ्या हाय राव. आन् नवरा केला भट्टीवाला. घोटभर चहा प्यायचा तर हिची वाट बघत बसायची."

मला काकूंचा रागच यायचा. म्हाताऱ्या नवऱ्याला चहासाठी ताटकळत ठेवायचं म्हणजे काय?

परवा आम्ही दोघी भाजीला निघालो. गेटपाशी काकू थबकल्या. पर्स चाचपली, लायटर आणि काडेपेटी दोन्ही जागेवर. तरी म्हणाल्या, "चल गं, एकदा बघून येऊ." मी कुरकुरत मागे गेले.

जिन्यात वरून काका उतरत होते. हातात काडेपेटी, वरच्या मजल्यावरून मागून आणलेली. "चहा टाकतो म्हटलं," ते म्हणाले. घराचं दार सताड उघडं होतं, आणि या वेळी वास खरंच येत होता.

काकूंनी आरडाओरडा केला नाही. "द्या, मी टाकते," म्हणत काडेपेटी काढून घेतली, माझ्या हातात कोंबली. आत जाऊन बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या. बाहेर येऊन हळूच विचारलं, "कवा चालू केला व्हता?"

"मी? मी न्हाई." काका आठवायचा प्रयत्न करत होते आणि त्यांना काही आठवत नव्हतं. इतका घाबरलेला माणूस मी पाहिला नव्हता. "सुमन, मी केला का गं?"

तेवढ्यात वासाने शेजारीपाजारी गोळा झाले. काकूंनी काकांचा दंड धरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "माझंच चुकलं. मीच चालू ठेवून गेले."

"आणि लायटर मात्र आठवणीने नेलात," कोणीतरी म्हणालं. सगळे हसले. काकाही हसले, सगळ्यांत मोठ्याने. "बघा, हिचं हे असं हाय." ते हसले तेव्हा कुठे काकूंनी त्यांचा दंड सोडला.

मी म्हणाले, "मीच घाई केली त्यांना."

आता भाजी घेताना काकूंचा हात पर्सकडे गेला, की त्यांनी विचारायच्या आत मी सगळ्यांसमोर म्हणते, "काकू, मला वास येतोय. चला घरी."