नाव घातलेला मोबाइल

आमचे शेजारी मन्मथअप्पा यांच्या घरात नाव न घातलेली वस्तू सापडणं मुश्कील. कळशीवर नाव, सांडशीवर नाव, कुकरच्या शिटीवरसुद्धा नाव. एकदा जेवायला बसलो, तर चमच्यावर "मन्मथअप्पा, परभणी". गावाचं नाव कशाला? तर म्हणाले, "चमचा पूर्णेला गेला तर वापस कसा यावा?"

"नाव घातल्याबिगर चीज आपली न्हाई," हा त्यांचा सिद्धांत. बाजारातला नावं घालणारा कारागीर त्यांना लांबून बघूनच मशीन काढतो.

गंगाकाकूंची नजर अधू झाली, तेव्हा अप्पांनी त्यांना ऐकायच्या कादंबऱ्या मोबाइलवर विकत घेऊन दिल्या. त्याआधी मोबाइल बाजारात नेऊन त्याच्या पत्र्याच्या पाठीवर "सौ. गंगाबाई" कोरून आणलं. कारागिरानं "नक्की ना?" असं तीनदा विचारलं, अप्पांनी एकदाच मान हलवली.

गेल्या महिन्यात त्या मोबाइलवर निरोप आला: कादंबऱ्या विकणारी कंपनी बंद होतेय, घेतलेली पुस्तकं महिनाअखेरीला नाहीशी होतील, उतरवून ठेवता येणार नाहीत. अप्पांनी माझ्यासमोरच स्पीकर लावून कंपनीला फोन केला.

"सर, तुम्ही फक्त ऐकण्याचा परवाना घेतला होता," पलीकडची मुलगी म्हणाली.

"मग 'विकत घ्या' कशाला लिवलं, बाई? कपाट आमाला इकलं अन् चावी तुमच्याच खिशात? लय भारी धंदा हाय!"

मला ते शंभर टक्के पटलं. दुकान बंद पडलं म्हणून दुकानदार घरात घुसून विकलेली पुस्तकं उचलून नेत नाही. मी तावातावानं म्हणालो, "अप्पा, कादंबरी चालू करू, बाजूला माझा मोबाइल ठेवू आणि आवाज भरून घेऊ."

"न्हाई. चालू करायचं न्हाई."

काकूंना जाऊन वर्ष झालं होतं. शेवटची कादंबरी त्यांनी बाराव्या भागात थांबवली होती.

"पुढं चालवलं की तिची जागा पुसली जाती," अप्पा म्हणाले. "मी रोज नुसतं उघडून बघायलोय."

माझ्या आगाऊपणाची मला लाज वाटली.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी अप्पा सकाळीच बाजारात जाऊन आले आणि मोबाइल माझ्या हातात दिला. पाठीवर काकूंच्या नावाखाली ताजी अक्षरं चमकत होती: "भाग बारा, चोवीस मिनिटं."

"आता कर म्हणावं बंद," अप्पा म्हणाले.