गजेंद्राचा पाय आणि माझी जाळी

यंदा आमच्या गोडादरा वस्तीतल्या कीर्तन सप्ताहात आग लागणार नाही, असं मी पहिल्याच दिवशी छातीठोकपणे जाहीर केलं. लागूच शकत नव्हती! कारण उधन्याच्या लूम कारखान्यातला हा वाल्मिक फिटर पेट्रोलच्या डब्यासाठी एक यंत्र बनवून बसला होता.

त्याचं असं झालं. गेल्या वर्षी आनंदा महाराजांचं कीर्तन ऐन रंगात आलेलं. मी मंडपामागे चालू जनरेटरमध्ये पेट्रोल ओतत होतो. भडका उडाला! ज्वाळा धारेवरून उलटी चढत डब्याच्या तोंडात शिरायला निघाली. मी डबा भिरकावला, तो नेमका महाराजांच्या पाठीमागे! उपरण्याचं टोक जळालं, कीर्तन मोडलं. "पुन्हा असं झालं तर गोडादऱ्याला माझा कायमचा रामराम," महाराज म्हणाले. ज्यांचा नुसता आलाप ऐकला तरी माझे डोळे पाझरतात, ते महाराज माझ्यामुळे तुटणार? मला वर्षभर घास गोड लागला नाही.

म्हणून ही जाळी. बारीक जाळीतून ज्वाळा पलीकडे जात नाही, तिची धग तारांतच मरते. डब्याच्या नळीत जाळी बसवली की झालं! खरं तर एक पुरते. पण देवाच्या कामात हात आखडता कशाला? मी सहा बसवल्या. डब्याच्या पाठीवर हवा आत घ्यायचं भोक होतं, तेही डाग देऊन बुजवलं. आगीला चोरवाट नको! पेट्रोल भरून नळी आवळली आणि घाईत कुणी उघडू नये म्हणून आट्यांत खिडकीच्या काचांना लावतात ती लांबी भरली. ती वाळून दगड झाली. हुरूप एवढा, की मंडळाचे तिन्ही डबे तसेच केले.

"अहो, माझी मैद्याची चाळणी कुठंय?" माझ्या बायकोनं, सुंदरेनं विचारलं.

"देवाच्या कामी लागली."

ओतून पाहायचं तेवढं राहून गेलं.

त्याच दिवशी संध्याकाळी मंडप फुल्ल. रात्रपाळीवाले जेवणाचे डबे घेऊनच बसलेले. महाराजांनी गजेंद्राचा पाय मगरीच्या जबड्यात दिला आणि जनरेटर खोकला. फट्, फट्, फुस्स! दिवे गेले, माईक गेला.

मी शांतपणे डबा उपडा केला. काही नाही! हलवला, थोपटला. शेवटी एक थेंब पडला. मग बऱ्याच वेळानं दुसरा. पिंडीवरच्या अभिषेकपात्रासारखा! दुसरा डबा घेतला, तोही तसाच. तिसऱ्यातून तर तेवढंही नाही.

तिकडं अंधारात महाराज वेळ काढत होते. गजेंद्र हाका मारत होता, "देवा, धाव!" इकडं मीही तेच म्हणत होतो. मंडळाचे प्रमुख धुडकूआप्पा धोतर सावरत आले.

"वाल्मिक, अरे हत्ती केव्हाचा पाण्यात उभा आहे!"

"येतंय आप्पा, येतंय."

"काय येतंय? लोकांना पाळीवर जायचंय! तिकडं मगर सोडेना, इकडं तू ओतेना!"

तेवढ्यात आमचा रिक्षावाला हिलाल मदतीला धावला. पेटती काडी घेऊन! "अंधारामा दिसस का भो?"

"विझव! विझव!" मी आणि आप्पा एकाच सुरात किंचाळलो.

"जाळी शे ना तुनी? मंग घाबरस कसाले?"

"अरे, जाळी डब्यात आहे! मी बाहेर आहे!"

काडी विझली, पण आमची बोंब मंडपात पोचली. "लागली! यंदाही लागली!" बायका उठल्या, पोरं कडेवर चढली, टाळकऱ्यांचे टाळ घरंगळले. चार स्वयंसेवकांनी पिण्याच्या पाण्याचं अख्खं पिंप आणून आधी माझ्यावर आणि उरलेलं जनरेटरवर ओतलं! संपलं. आता पेट्रोलचा समुद्र आला असता तरी तो चालणार नव्हता.

 एवढ्यात महाराजांचा खणखणीत आवाज आला, "बसा रे! विठ्ठल, विठ्ठल!" मृदंग घुमला. गर्दी एकेक करून खाली बसली. कुणीतरी समई पुढं ठेवली आणि तेवढ्या उजेडात महाराजांनी देवाला असा काही धावायला लावला, की पाळीचं भान कुणाला उरलं नाही. मी मंडपामागे चिंब भिजून, मांडीवर डबा घेऊन मुळूमुळू रडत होतो.

कीर्तन संपल्यावर जाऊन पाय धरले. "महाराज, चुकलं. पण सोडून जाऊ नका."

"वाल्मिक, तुझ्या त्या जनरेटरच्या खडखडाटावर ओरडून ओरडून दरवर्षी माझा घसा बसायचा रे! गोडादऱ्यानं माझं कीर्तन आज पहिल्यांदा ऐकलं. पुढच्या वर्षी येईन. पण एक अट आहे."

"बोला महाराज!"

"पेट्रोल याच डब्यातून ओतायचं."

मंडपात हशा पिकला. हसू द्या! माझ्या यंत्रानं आग लागू दिली नाही, हे तर खरं ना? सुंदरा म्हणते, पेट्रोल बाहेरच आलं नाही तर आग लागेल कशाला? तिचं तुम्ही मनावर घेऊ नका. तिची चाळणी गेलीय.