शेवटच्या बर्नरचे रेवाळे

रेवाळे कुणाच्याही घरी चहाला गेले की खुर्चीवर टेकण्याआधी स्वयंपाकघरात शिरत. "वहिनी, दोन्ही बर्नर एकदम पेटवा बघू," म्हणत आणि ओट्याशी वाकून ज्योत न्याहाळत बसत. चहाचं आधण राहायचं बाजूला. आमची ही पहिल्यांदा इतकी बिचकली की विचारू नका. गंमत म्हणजे या गृहस्थांच्या स्वतःच्या घरी वातीचा स्टोव्ह! गॅससाठी नंबर लावून कित्येक वर्षं झाली, तो काही येत नव्हता.

ही ऐंशीनंतरची गोष्ट. वाशीत आमची सोसायटी नवी होती आणि जवळच्या पावणे गावातल्या कारखान्यात आम्ही दोघं शेजारीशेजारी ड्रॉइंग बोर्डावर. गॅसचा पाइप किती जाड हवा, हे ठरवणं रेवाळ्यांचं काम. त्यांचं तत्त्व एकच. "सगळं एकदम पेटवा आणि शेवटच्याला किती पोचतं ते सांगा. पहिल्याचं कौतुक मला नको." लग्नातसुद्धा हा माणूस मुद्दाम पंगतीच्या शेवटच्या पानावर बसायचा, श्रीखंड तिथवर येतं का बघायला. बहुतेक वेळा यायचं नाही.

सोसायटीत पाण्याची तक्रार आली, तेव्हा त्यांनी सगळ्यांना एकाच वेळी नळ सोडायला लावले आणि स्वतः चौथ्या मजल्यावर बादली घेऊन उभे राहिले. शेवटच्या नळाला धार नाही हे सिद्ध झालं, आणि टाकीही रिकामी झाली. ऐन दसऱ्याला अख्खी सोसायटी पारोशी! लोकांनी काय शिव्या घातल्या म्हणता!

पुढे शेठनी, म्हणजे आमच्या मालकांनी, महाप्याला टेकडीखाली गेस्ट हाउस बांधलं आणि सगळा विचका झाला. आधी तिथे फक्त स्वयंपाकाचा गॅस होता. मग शेठना पोहण्याच्या तलावात गरम पाणी हवं झालं, लॉनवर दगडी कुंडात जाळ हवा झाला. तलावाचा हीटर म्हणजे गॅस खाणारा बकासुर. रेवाळ्यांनी आकडेमोड करून सांगितलं, जुना पाइप काढा, दुप्पट जाडीचा टाका. नाहीतर हीटर आणि कुंड एकदम पेटलं की मागच्या स्वयंपाकघरातली शेगडी विझेल, आणि हीटर बंद झाला की तिच्यातून न पेटलेला गॅस खोलीत भरत राहील. पण पाइप होता नव्याकोऱ्या फरशीखाली, आणि फरशी फोडायची शेठची तयारी नव्हती. रेवाळ्यांनी ड्रॉइंगवर सही केली नाही. त्यांना उचलून स्टोअरमध्ये बसवलं. सही मी केली. खोटं कशाला बोलू, नोकरी टिकवायची होती.

त्यानंतर रेवाळे रविवारी सोसायटीत दिसेनासे झाले. कुणी म्हणालं, महाप्याला जातात, शेठच्या पार्टीतलं चिकन हादडायला. मीही हसलो.

एका रविवारी दुपारी शेठनी मला कागद घेऊन तिकडे बोलावलं, तेव्हा सहज मागच्या बाजूला डोकावलो. स्वयंपाकघरात रेवाळे शेगडीशी पोतं टाकून बसलेले, हात गॅसच्या कॉकवर. बाहेर पाहुणे तलावात डुंबत होते, कुंड धडधडत होतं. शेगडीची ज्योत मंदावत गेली, तसा त्यांनी कॉक बंद केला. खिडकीतून हीटर थांबलेला दिसला, तेव्हा पुन्हा उघडून काडी लावली.

स्वयंपाकाच्या गौराबाई पावणे गावच्या. त्या म्हणाल्या, "दर आयतवारी येतान. मी वाढायला भायेर गेले, तर इथं कोन हाय बघायला?"

"रेवाळे, असे किती रविवार बसणार?" मी विचारलं.

"सही तुमची आहे, सामंत," ते हळूच म्हणाले. "काही झालं तर तुम्हाला धरतील. मुली लहान आहेत तुमच्या."

शरमेनं मेल्यासारखं झालं मला. सोमवारी शेठकडे गेलो आणि सांगितलं, फरशी फोडायलाच हवी. त्यांनी विचारलं, इतक्या महिन्यांत काही झालं का? मी म्हणालो, नाही, कारण रेवाळे तिथे बसतात.

"मग बसू दे की," शेठ म्हणाले.

पुढच्या रविवारी मी महाप्याला गेलो. रेवाळ्यांना म्हटलं, आज मी बसतो, तुम्ही घरी जा.

"घरी जाऊन काय करू? तिथं कोण आहे?" एवढंच म्हणाले, आणि सरकून पोत्यावर मला जागा करून दिली.