पार्टीच्या घरचं पाणी

नाना आमच्याकडे चहाला येतात तेव्हा चहा घेऊन येतात.

स्टीलचा छोटा थर्मास असतो. त्याच्याच झाकणात ओततात, फुंकर मारतात आणि आईला म्हणतात, "हां, बोला वहिनी." समोर आईने केलेला चहा साय धरत असतो. सुरुवातीला आईला याचा फार राग यायचा. एकदा तिने विचारलंच, "नाना, आमचा काही दावा आहे का कोर्टात?"

"आज न्हाई," नाना म्हणाले. "उद्या घातला तर?"

आमचे शेजारी नाना भोरच्या कोर्टात बेलीफ होते. समन्स, नोटिसा, जप्तीचे हुकूम लोकांच्या दारात नेऊन बजावायचे, हे काम. दाव्यातल्या माणसाला ते 'पार्टी' म्हणतात. पार्टीच्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही हा नियम त्यांनी नोकरीभर पाळला. मग ते निवृत्त झाले, नियम झाला नाही. त्यांच्या लेखी जगात दोनच प्रकारची माणसं आहेत: पार्ट्या, आणि अजून न झालेल्या पार्ट्या.

कामथडीला एका लग्नात ते पंगतीत सगळ्यांबरोबर बसले आणि रुमालातून स्वतःची भाकरी-चटणी काढली. वधूपित्याला वाटलं, डायबेटीस असेल. तो काळजीने पथ्याचं काय काय विचारायला लागला. नानांनी शांतपणे सांगितलं, "तब्येत बरी हाय. तुमच्या व्याह्यांचा बांधाचा वाद हाय, त्येचं समन्स म्याच दिलंय." व्याही शेजारीच जिलबी वाढत होते.

देवळातला प्रसादही ते घेत नाहीत. देवस्थानच्या जमिनीचा दावा पडून आहे. देव त्यात वादी आहे.

शिवरे गावची गोष्ट त्यांनी स्वतःच मला सांगितली. उन्हाळ्यात समन्स घेऊन गेले आणि पार्टीच्या अंगणातच चक्कर येऊन पडले. बायकांनी तोंडावर पाणी मारलं. शुद्धीवर आल्यावर यांचा पहिला प्रश्न, "तोंडात गेलं का?"

"मग?" मी विचारलं.

"न्हाई गेलं. भाईरून लावलेलं चालतं."

मी वकिलीची परीक्षा पास झाले आहे. शाळा इंग्रजी, कॉलेज पुण्याचं. भोरमधल्या एका वकिलांकडे ज्युनिअर आहे. म्हणजे अर्ज लिहिते, फायली धरते, आणि कोर्टात उभं राहून बोलायची वेळ आली की फाईलमध्ये पान शोधत राहते. 'वहिवाट' आणि 'कबुलायत' यातला फरक मला नानांनी शिकवला. मी चुकले की ते वैतागून म्हणतात, "वकीलबाई, पार्टी बुडवाल." कॉलेजात 'कायद्याचं राज्य' हा दहा मार्कांचा प्रश्न होता. मला आठ पडले होते. आता ते आठ कुणीतरी परत घ्यावेत असं वाटतं.

नानांचा हा पाण्याचा नियम मी कायद्यात शोधला. कुठेच नाही. मी तसं सांगितलं तर म्हणाले, "लिवलेलं तरी कोण पाळतंय?"

त्यांची मुलगी संगीताताई डोंगराकडच्या एका वाडीत दिलेली आहे. वाडीचं नाव मी लिहीत नाही, डोंगराच्या अलीकडची की पलीकडची तेही नाही, कारण प्रकरण अजून चालू आहे. वाडीतून डांबरी रस्त्यावर उतरायला एक वाट आहे. बैलगाडी जाईल एवढी. सकाळी त्या वाटेने सगळ्या घरांचं दूध खाली जातं, दुधाचा टेम्पो कुणासाठी थांबत नाही. दोन वर्षांपूर्वी खालची जमीन शहरातल्या एका माणसाने घेतली, फार्महाऊस बांधलं, पोहायचा तलाव केला आणि वाटेवर लोखंडी गेट लावून कुलूप ठोकलं. आता दूध ओढ्यातून, झाडीतून, लांबून न्यावं लागतं. पावसात ओढा चढला की दूध घरात नासतं.

वाडीने दावा लावला. रस्ता अडवल्याचा दावा तालुक्याचे महसूल अधिकारी ऐकतात. तेवढ्या कामापुरते ते न्यायाधीश असतात. आमचे वकील वाडीच्या बाजूने होते, म्हणून फाईल माझ्याकडे. स्थळपाहणीची तारीख पडली. आमच्या वकिलांना दुसरीकडे तारीख होती. मी आणि नाना एस.टी.ने गेलो.

वाडीत पोचतो तर चूल पेटलेली. साहेब येणार म्हणून वाडीने कोंबडा कापला होता. नव्या चादरी, कपबशा, कुणीतरी खालून बिसलरीच्या बाटल्याही आणलेल्या.

नाना चुलीपाशी गेले आणि पातेल्यावर झाकण ठेवलं. "कुणी सांगितलं हे?"

"सांगायचं काय त्यात," संगीताताई म्हणाली. "दारात माणूस आल्यावर त्येला उपाशी धाडायचं?"

"त्यो माणूस न्हाई. आज त्यो न्यायाधीश हाय."

"न्यायाधीशाला भूक लागत न्हाई व्हय, नाना?"

"लागंल. तर डबा आणावा त्यानं. साहेबानं तुझा कोंबडा खाल्ला, आन् निकाल तुझ्याकडनं लागला, तर त्यो निकाल कोंबड्याचा. तुला न्याय पायजे का रस्सा?"

"मला वाट पायजे," ती म्हणाली. "कशानं का मिळंना."

वाडीतले लोक खाली मान घालून हसले. नाना हसले नाहीत. पातेलं झाकलेलंच राहिलं.

साहेब अकराला येणार होते, ते एकला आले. फार्महाऊसवाल्याच्या जीपमधून. सरकारी गाडी बंद पडली होती म्हणे. गेट उघडलं, जीप आत गेली, गेट बंद झालं. "साहेब कागदपत्रं बघतायत," गेटवरच्या वॉचमनने सांगितलं. आम्ही वाटेवर उन्हात उभे. थोड्या वेळाने कागदपत्रांचा वास आला. मटणाचा होता.

वाडीच्या लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. कुणीतरी मागून म्हणालं, "नाना, आपला कोंबडा लहान पडला."

अडीच वाजता जीप बाहेर आली. साहेबांनी काच खाली केली, दात कोरत वाटेवर एक नजर टाकली. खाली उतरले नाहीत. मग त्यांच्या कारकुनाने पंचनामा काढला आणि सह्यांसाठी पुढे धरला. पंच म्हणून फार्महाऊसचा माळी आणि तोच वॉचमन. पंचनामा टाईप केलेला होता. अगदी स्वच्छ, समासबिमास सोडून.

माझ्या हातात फाईल होती. हरकत घ्यायचा अधिकार होता. काय बोलायचं तेही माहीत होतं, मनात वाक्य तयार होतं, इंग्रजीत. मी ते बोलले नाही. त्याचा माझा मलाच आलेला राग अजून पुरतो आहे.

नाना जीपजवळ गेले. "साहेब, एक विनंती. पंचनाम्यात जेवण कुठं झालं तेबी लिहा."

साहेब हसले. "आजोबा, तुम्ही कोण?"

"पार्टीचा बाप. आणि रिटायर बेलीफ. ह्यो पंचनामा टाईप केलेला हाय. हितं डोंगरात टायपिंग कुठं झालं? आन् तुमी वाट बघायच्या आधी वाटेचं वर्णन कसं आलं?"

"नमुना असतो तो," कारकून म्हणाला.

"म्या हजारो पंचनामे केल्यात. नमुना कोरा असतो."

साहेबांचं हसू गेलं. "रिटायर झालात ना? मग घरी बसा." काच वर गेली.

जीप दिसेनाशी होईपर्यंत नाना वाटेवर उभे होते. ते ओरडतील असं मला वाटलं होतं, पण ते इतकंच म्हणाले, "आमच्या वेळी कोर्टातबी खाणारे होते. पण खाऊन झालं की तोंड तरी पुसायचे."

तीन आठवड्यांनी निकाल आला. 'पर्यायी मार्ग उपलब्ध असल्याने दावा नामंजूर.' पर्यायी मार्ग म्हणजे ओढा. निकालात ओढ्याचं वर्णन 'बारमाही वापरण्याजोगा' असं होतं. मी ते वाक्य नानांना वाचून दाखवलं. त्यांनी कागद माझ्या हातातून घेतला, चष्मा लावला आणि स्वतः वाचलं, बोट फिरवत. मग म्हणाले, "सही तरी नीट कर म्हणावं. आख्ख्या वाडीची वाट बंद करतोस, नाव तरी वाचता येऊ दे."

वरच्या अधिकाऱ्यांकडे फेरतपासणीचा अर्ज मी लिहिला. यावेळी पंचनामा, जीप, जेवण, सगळं घातलं. आमच्या वकिलांनी जेवणाचा परिच्छेद काढायला सांगितलं, "पुढे त्याच साहेबांकडे आपली कामं असतात." मी मान हलवली आणि परिच्छेद ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा कुणाचं न ऐकता मी काही केलं असेल तर ते हे.

सह्या घ्यायला आम्ही पुन्हा वाडीत गेलो. ओढ्यातून. संगीताताईने माझ्यासाठी ताट वाढलं. नाना ओट्यावर बसून आपली भाकरी सोडायला लागले. या घराचा त्यांच्या नियमाशी जुना संबंध आहे. ताईच्या लग्नानंतर वर्षभरातच तिच्या सासऱ्यांवर भावाने वाटणीचा दावा लावला. त्याचं समन्स नाना घेऊन आले. नवी नवरी पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी, आणि बापाने व्याह्यांची सही घेतली, नमस्कार केला आणि न बसता निघून गेला. तो दावा नाना निवृत्त झाल्यावर सुटला. श्वास घ्यायच्या आत गेट आलं.

सही करता करता ताई म्हणाली, "फार्महाऊसचा मॅनेजर आला हुता, नाना. किल्ली घेऊन. म्हणला, तुमच्या एकट्या घराला देतो, बाकीच्यांचं तुमी बोलू नका. अर्जावर सही तेवढी करू नका."

नानांचा घास हातातच राहिला. मी त्यांच्याकडे बघितलं नाही.

"मंग?" ते म्हणाले.

"मंग काय. सकाळी म्या एकटी गेटातनं दूध घिऊन गेले असते, आन् शेजारची सखूमावशी दुधाची घागर डोक्यावर घिऊन ओढ्यात. त्येला म्हणलं, सगळ्या वाडीला किल्ल्या करून आण. त्यो गेला." तिने सही पूर्ण केली. "तुमचंच रक्त हाय. काय करणार."

नानांनी भाकरी गुंडाळून पिशवीत ठेवली, अर्धी तशीच.

परतताना ओढा उतरलो. पाणी गुडघ्याला होतं. नाना चपला हातात घेऊन पुढे चालत होते. पलीकडे चढून चपला घालायला एका दगडावर बसले.

"तू जेवलीस ना तिच्याकडं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"काय केलं हुतं?"

"पावट्याची आमटी. तांदळाची भाकरी."

ते चपलेचा पट्टा बराच वेळ लावत राहिले. "कशी करती?"

मला प्रश्न कळला नाही. मग कळला. ताईच्या लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती.

मी कुणाशी फार बोलत नाही. पण त्या दिवशी दगडावर त्यांच्या शेजारी बसले आणि सगळं सांगितलं. आमटी दाट होती, पावटे मऊ पण फुटलेले नाहीत. फोडणीत लसूण जास्त, वरून थोडं खोबरं. भाकरी पातळ, कडेला कुठे करपलेली नाही. मी दुसरी नको म्हणत होते तरी तिने वाढलीच.

"आन् मीठ?"

"बरोबर होतं."

"हिच्या आईचं कमी पडायचं," नाना म्हणाले. "हिला कुणी शिकवलं असंल?"

ते उठले, आणि आम्ही झाडीतून रस्त्याकडे चालू लागलो.