मुनीरचाचांच्या वहीला टाचण्या

कळंबला मुनीरचाचांकडं शर्ट शिवायला टाकणार असाल तर घाईत जाऊ नका. दंडाला टेप गुंडाळून ते हमखास म्हणतात, "ह्या दंडातल्या पेशीला डोळा कसा बनवायचा ते बी ठावं हाय बरं का. फकस्त ती बनवत न्हाय."

नवं गिऱ्हाईक दचकून आपला दंड बघतं.

माझं झेरॉक्सचं दुकान त्यांच्या शेजारीच. त्यामुळं हे शिक्षण मला फुकटात आणि इच्छा नसताना मिळालं. चाचा स्वतः सातवी शिकलेले. शिकवायचं साधन एकच, मापांची जाड वही.

"आईच्या पोटात सुरुवातीला एकच पेशी. तिच्यापाशी आख्खी वही. एकीच्या दोन झाल्या, दोनाच्या चार झाल्या, तरी हरेकीला आख्खीच वही, तुझ्या झेरॉक्सवानी. पन पेशी जाणती झाली की तिची पानं मिटत जात्यात. कातड्याची पेशी कातड्याचंच पान वाचती. बाकीच्या पानांना टाचणी."

"लागत नाहीत तर फाडून का टाकत नाही?"

"फाडायचं न्हाय, मिटायचं. वहीच तो बात है."

मी आधी चेष्टा करायचो. एकदा त्यांनी सांगितलं, की पोटातल्या लेकराचं रक्त वेगळं असतं, कारण त्याला आईच्या रक्तातून हवा ओढून घ्यायची असते. जन्मल्यावर काही महिन्यांत ते पान मिटतं आणि दुसरं उघडतं. त्या दिवशी मशीनमध्ये कागद अडकला तरी मी उठलो नाही. मलाच चटक लागली होती.

ह्या नादात एकदा घोटाळा झाला. मला नीट समजावं म्हणून चाचांनी खऱ्याच वहीला टाचण्या मारल्या आणि काढायच्या विसरले. ईट गावच्या एका नवरदेवाचं पान मिटलेलं राहिलं, उघडं राहिलं ते त्याच्या वडिलांचं. शेरवानी तयार झाली ती पोटाशी चांगली ऐसपैस.

वडील म्हणाले, "चाचा, ह्यात आमी बापलेक दोघं मावतो."

"घराणं बराबर हाय, पान चुकलं," चाचा शांतपणे म्हणाले आणि तिथंच उसवायला बसले.

ह्या खुळाचं मूळ पुण्यात आहे. त्यांची एकुलती लेक शबाना तिथं प्रयोगशाळेत कच्च्या, म्हणजे अजून जाणत्या न झालेल्या पेशींवर काम करते. रविवारी अकराला तिचा फोन येतो. लहानपणी दुकानात चिंध्या वेचत ती अखंड बडबडायची, मीही ऐकलंय. मोठी झाली तशी आईशीच बोलायची. चाची गेल्यावर फोन दोन वाक्यांवर आला. जेवलात का, गोळी घेतली का. चाचांनाही पुढं काय बोलावं सुचायचं नाही.

"असंच ऱ्हायलं तर एक दिवस फोन बी बंद व्हईल," ते मला म्हणाले होते. मग एकदा त्यांनी सहज विचारलं, तू करतीस काय तिथं? त्या दिवशी ती वीस मिनिटं बोलली. तेव्हापासून आठवडाभर ते तिच्या जुन्या वह्या वाचतात, मी त्या मोठ्या अक्षरात काढून देतो, आणि रविवारी ते एक प्रश्न विचारतात.

गेल्या रविवारी मी तिथंच होतो. चाचा मशीन चालवतच बोलत होते. जेवण झालं, गोळी झाली. मग त्यांनी विचारलं, "बेटा, वो बंद पन्ना फिरसे खोल सकते क्या?"

मी चकित झालो. कातड्याची पेशी पुन्हा कच्ची करता येते, मिटलेली पानं उघडतात, हे चाचांनीच मला दिवाळीत अर्धा तास समजावलं होतं. मी खुणेनं म्हटलं, अहो, हे तर तुम्हाला येतं.

चाचांनी फोनवर हात ठेवला. "ठावं हाय रे मला," ते हळूच म्हणाले. "तिला सांगू दे की."

हात काढला तेव्हा पलीकडून आवाज येतच होता. "अब्बा, देखो, कैसा है मालूम..."

पुढची पंचवीस मिनिटं मुनीरचाचांनी मशीनला पाय लावला नाही.