हिरव्या चुड्याची भट्टी आणि वाऱ्याचे माप

अग्निनारायणाचे स्मरण करोन लिहिले ऐसे जे, शके सोळाशे सत्याण्णव, मन्मथनाम संवत्सरे, माघ मासी राज्यात बहुत आनंद जाहला, त्याची हकीकत. राज्याचे गणक यादोपंत, हिशेबात वाघ आणि घरात विसरभोळे, यांची कन्या चिमाई इचे लग्न नेमिले. लग्नाचा हिरवा चुडा नेहमी शेजारच्या राज्यातून येत असे. तेथील वकील हुजुरात हसोन बोलिले, "आमची काकणे नसती तर तुमच्या लेकी मोकळ्या हातांनी बोहल्यावर जात्या." हे पंतांस झोंबले. भर दरबारी उठोन बोलिले, "चिमाई आपल्याच भट्टीचा चुडा भरील, नाहीतर बोहल्यावर चढणार नाही." बापाने पण केला आणि झोप पोरीची उडाली.

मग लग्नाचे दिवशी सकाळीच पंतांनी दलदलीतून उठणारा वायू पखालींत भरोन भट्टीस लाविला आणि माप काढिले की, या वायूची एक पखाल जळावयास प्राणवायूच्या दोन पखाली लागतात, आणि जळोन कर्बवायूची एक व वाफेच्या दोन निघतात. तीन आत, तीन बाहेर, हिशेब चोख. आणि मग वायूच्या एका पखालीमागे वाऱ्याच्या दोन पखाली भात्यांनी सोडविल्या. तो जाळ पिवळा आणि आळशी, काच ढिम्म हलेना, काजळी मात्र ऐसी उठली की पंतांच्या पांढऱ्या मिशा काळ्या जाहल्या. वकील खुदुखुदू हसो लागले. भट्टीवरचे काचारी रायाजी बोलिले, "पंत, काचेला घाम फुटंना, मलाच फुटलाय."

पंतांचे तोंड उतरले. हिशेब पुन्हा ताडिला, चूक सापडेना. इतक्यात हळदीच्या अंगाने चिमाई आली आणि हळूच बोलिली, "आबा, वाऱ्याचं काय शिकवलं होतंत मला? आपल्या गवळ्याच्या दुधात दूध असतं तेवढाच त्यात प्राणवायू. पाचात एक."

पंतांनी कपाळास हात लाविला. "म्हणजे प्राणवायू दोन पखाली हवा, तर वारा दहा पखाली हवा. पोरी, तुझा बाप गाढव आहे."

"असू द्या. आधी भाते मागवा."

मग राज्यातील भाते गोळा जाहले आणि माणसे अपुरी पडली, म्हणोन वऱ्हाडी जुंपले, सनईवाले जुंपले, व्याही पागोटे काढोन जुंपले, आणि विहीणबाईंनी वकिलांच्या हाती भात्याची दांडी देऊन सांगितले, "पाहुणे, हसण्यात दम घालवू नका." मग जाळ निळा जाहला, घोंघावला, आणि काच मधासारखी ओघळली. सांजवेळी चिमाईच्या हाती हिरवा चुडा किणकिणला आणि पंतांचा ऊर भरोन आला. काळ्या मिशा पुन्हा पांढऱ्या होईतो ते रडले आणि हसले.

वकील घाम पुशीत जवळ आले. "पंत, आमच्याही लेकीचे यंदा कर्तव्य आहे. एक चुडा मिळेल काय?"

"अवश्य. भाता मात्र आपण ओढावा."

येणेप्रमाणे वायूचे एका भागास वाऱ्याचे दहा भाग लागले आणि लग्न यथासांग जाहले. वकील चैत्रात आले, ते स्वतःचा भाता घेऊनच आले. हकीकत येथे पुरी जाहली.